जिनातला शिनेमा आणि आमचे मालक

आमच्या मालकांचं ठाम मत होतं, की सिनेमा बोलायला लागला त्या दिवशीच बिघडला.

"मुका होता तवा शहाणा होता," ते म्हणायचे. "माणूस रडला त् दिसत होतं आपल्याले, का रडून राह्यला. आता रडते बी, अन् वरून सांगते बी का मी रडून राह्यलो. अरे बाप्पा, आम्हाले डोळे हायेत ना!"

मालक म्हणजे घरमालक. मी चिखलीच्या शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या घराच्या माडीवर एका खोलीत भाड्यानं राहत होतो. वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांताच्या जोडीला होतं, लढाई चालू होती, आणि पेट्रोल मिळेना म्हणून सर्व्हिस मोटारी मागे कोळशाची भट्टी लावून धापा टाकत यायच्या. मालकांचा धंदा कापसाच्या दलालीचा. गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, दोन्ही चिमटींत धरून ओढायचा, उजेडात धागा पाहायचा आणि सांगायचं, यातून रुई किती निघेल आणि सरकी किती. या हिशेबाला बाजारात उतारा म्हणतात. मालकांना जन्मभर ती एकच मोजपट्टी ठाऊक होती आणि ती ते कशालाही लावत. कीर्तनकाराला, मामलेदाराला, लग्नातल्या जेवणाला आणि आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनाही. "बोलणं लय, उतारा कमी," असं हेडमास्तरांबद्दल ते भर चौकात बोलले होते, आणि मी दुसऱ्या दिवशी शाळेत पोचायच्या आधी ते वाक्य तिथे पोचलं होतं. ते मीच सांगितलं असेल असा संशय हेडमास्तरांनी शेवटपर्यंत बाळगला.

पण मालकांची खरी हौस सिनेमा. ते शिनेमा म्हणत, आणि त्यांच्या घरात राहून मीही तसंच म्हणू लागलो.

कापसाचा हंगाम सरला की गावाबाहेरचं सरकी काढायचं जीन बंद पडे. यंत्रं झाकून ठेवली की उरायची ती पत्र्याची भलीमोठी शेड. उन्हाळ्यात हुसेनभाई आपलं सिनेमाचं यंत्र घेऊन तिथे मुक्कामाला यायचे. खेळ बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, कारण खेड्यापाड्यांहून आलेल्या गाड्यांना दिवसाउजेडी घर गाठायचं असे. खिडक्यांना तरटं ठोकून आत अंधार करायचे. डोक्यावर तापलेला पत्रा, त्याखाली ओले पंचे डोक्यावर घेतलेली माणसं. तुळयांवर साचलेली रुई इंजिनाच्या हादऱ्यानं झडायची आणि झोतातून तरंगत खाली यायची. त्यामुळे आमच्याकडे लागलेल्या प्रत्येक खेळात बर्फ पडे. लंकेत पडे, वाळवंटात पडे, नायिकेच्या स्वयंपाकघरातही पडे. कोणाला त्याचं काही वाटत नसे.

पडदा शेडीच्या मधोमध टांगलेला. यंत्राच्या बाजूला पुरुष बसत आणि पडद्याच्या मागे बायका. पातळ मांजरपाट, त्यावर पाण्याचे हबके मारून तो ओला केलेला, म्हणून चित्र दोन्हीकडून दिसायचं. बायकांना ते उलटं दिसे एवढंच.

हुसेनभाई मालकांसाठी खुर्ची मांडत. मालक ती बाजूला सारत आणि खांबाला पाठ टेकून जमिनीवर बसत. "फुकटच्या खुर्चीवर बसलेला माणूस खरं बोलत नाई," ते म्हणायचे. हुसेनभाईंना त्यांच्या खऱ्या बोलण्याचीच धास्ती होती. खेळ सुटला की जिनाच्या फाटकाजवळच्या चहाच्या दुकानापाशी लोक रेंगाळत. मालक आधी पाणी पीत, मिशा पुसत, आणि मग मत देत. ते मत संध्याकाळच्या आत गाड्यांबरोबर तालुकाभर जाई आणि पुढच्या बाजाराची गर्दी त्यावर ठरे.

"काय मालक, कैसा लगा?" हुसेनभाई दोन्ही हात पुसत विचारत.

"देव वरून आला, बरं झालं," मालक एकदा म्हणाले. "पण त्याच्या कंबरेची दोरी आम्हाले दिसली ना, हुसेनभाई. आता ज्या देवालेच वरून कोणी सोडून राह्यलं, त्याले मी काय मागू?"

बागेत हिंडून गाणारी जोडपी त्यांना मुळीच खपत नसत. "दोघंबी सकाळपासून बागेत हायेत. त्याईच्या घरचे हाका मारून मारून थकले असतीन!" गाण्यांवर तर त्यांचा दातच होता. गाणं लागलं की ते डोळे मिटून घेत. पुढचे आठ दिवस मात्र अंगणात दात घासताना तेच गाणं गुणगुणत. विचारलं तर म्हणत, "ते माह्या ध्यानात राह्यलं, यात माह्या काय दोष?" मारामारीचा एक खेळ त्यांना बेहद्द आवडला होता. तो घोड्यामुळे. "घोड्यानं काम बेस केलं. बाकीच्याईनं त्याच्यापासून शिकावं. एक शब्द बोलला नाई तो सगळ्या खेळात."

लढाईमुळे नव्या फिल्मची टंचाई झाली आणि हुसेनभाई जुने खेळ पुन्हा पुन्हा आणू लागले. कुठून तरी एक मुका खेळही त्यांनी पैदा केला. मालकांचा आनंद पोटात मावेना. पण लोकांना आता बोलण्याची सवय लागलेली. पडद्यावर सगळं गप्प, म्हणून प्रेक्षकच बोलायला लागले. तेव्हा मालक खांबापाशी उभे राहून ओरडले, "चूप बसा बे! त्याईले बोलू द्या!"

जुन्या आणि नव्याबद्दल त्यांचा न्याय मला शेवटपर्यंत कळला नाही. एक कौटुंबिक खेळ त्यांनी नवा असताना धुडकावला होता. "नुसती सरकी," म्हणाले होते. वर्षानं तोच खेळ फिरून आला, तेव्हा फाटकाजवळ चहा पिता पिता म्हणाले, "हे पाहा काम! पयले माणसं कशी मन लावून करत होती."

मी म्हटलं, "मालक, गेल्या वर्षी तुम्हीच याले नावं ठेवली होती."

"गेल्या वर्षी ते नवं होतं ना, मास्तर," ते शांतपणे म्हणाले.

सगळा बाजार त्यांचं ऐके, पण घरात त्यांचं ऐकणारं कोणी नव्हतं. मालकांची बायको वारली होती. घरात विधवा बहीण, तिला सगळे आत्या म्हणत, आणि एकुलती एक मुलगी गोदू. गोदू मराठी सातवी झालेली होती आणि प्रत्येक खेळ आत्याबरोबर पडद्यामागून पाहत असे. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी मालक जेवायला बसले, की खालच्या स्वयंपाकघरातून वाद सुरू होई. माझ्या माडीची जमीन फळ्यांची. मी वह्या तपासण्याचं सोंग करून सगळं ऐके. बाजारात ज्यांच्यासमोर कोणी ब्र काढत नसे, त्यांना ही मुलगी वांग्याची भाजी वाढता वाढता आडवं लावायची.

"बाबा, त्या बाईचं काऊन चुकलं? ती विहिरीवर गेली म्हून?"

"अवं, एकटी गेली ना पण!"

"मंग काय नवऱ्याले घागर घेऊन संगं न्यायचं होतं?"

यावर मालक दुसरी भाकर मागत. मी वर एकटाच हसत बसे. कधी हसणं जोरात झालं की खालचा वाद क्षणभर थांबे, आणि मग गोदूचा आवाज जरा चढून पुन्हा सुरू होई.

एकदा त्यांचं वाजलं ते एका दरोडेखोराच्या गालावरून. त्याच्या गालावर तलवारीचा वण होता. मालक म्हणत उजव्या गालावर, गोदू म्हणे डाव्या. "मी काय आंधळी हावो?" "मंग काय मी आंधळा हावो?" आत्यांना साक्षीला काढलं, तर त्या म्हणाल्या, मी त्या मेल्याच्या तोंडाकडे पाह्यलंच नाई. दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. पुढच्या बाजाराला तोच खेळ होता. ऐन दरोड्याच्या प्रसंगात मालक खांबापासून उठले आणि पडद्याला वळसा घालून थेट बायकांच्या बाजूला गेले. पडद्यामागून असा काही गलका उठला, की पडद्यावरचा दरोडा फिका पडला. सवणा गावच्या एका पाटलिणीनं हातातल्या पंख्यानं त्यांना खांबापर्यंत पिटाळत आणलं. टोपी तिकडेच राहिली.

खेळ सुटल्यावर फाटकाशी ही गर्दी. आता मालक काय तोंड दाखवतात, हे पाहायला सगळे टपलेले. मालकांनी पाणी प्यायलं, मिशा पुसल्या आणि जाहीर केलं, "पोट्टी बरोबर सांगून राह्यली होती. तिकून डाव्याच गालावर हाये." मग थोडं थांबून म्हणाले, "अन् तिकून शिनेमाबी चांगला दिसते. बायका मधात बोलत नाईत."

आपली मुलगी खरी होती हे सांगायला हा माणूस पंख्याचा मार खाऊन, बोडक्या डोक्यानं, चारशे लोकांपुढे उभा राहिला होता. मला ते फार आवडलं. मुलगीही आवडू लागलीच होती, पण तो बोलण्याचा विषय नव्हता.

बोलण्याचा विषय नव्हता, कारण गोदूचं लग्न हा तोवर सगळ्या गावाच्या चेष्टेचा विषय झाला होता. मुलगी पाहायला कोणी आलं, की मालक आधी मुलालाच सिनेमा दाखवायला नेत. पाहुण्यांना बाजाराच्या दिवशीच बोलावत. खेळ झाला की घरी ओसरीवर गादी घातलेली असे. बैठकीला दोन-चार माणसं दिसावीत म्हणून मलाही खाली बोलावत. मालक मुलाला विचारत, "हं, कसा वाटला शिनेमा?" मुलगा सांगे. तेवढ्यात गोदू पानाचं तबक घेऊन येई, बापाला विडा देई आणि आत जाई. मालक म्हणत, "कळवतो." दुसऱ्या दिवशी नकार.

पहिला मुलगा नागपूरला वकिली शिकत होता. त्याला सगळंच गावंढळ वाटलं. खेळ, शेड, रुई आणि बहुधा आम्हीही. मालकांनी कळवलं, धागा आखूड आहे. दुसरा हिवऱ्याकडचा, घरी भरपूर शेती. मालक काय म्हणतील ते ऐकायच्या आधीच तो "हाव हाव" म्हणून मोकळा व्हायचा. त्यालाही नकार. तोपर्यंत ही परीक्षा मेहकर तालुक्यापर्यंत गाजली होती, आणि तिसरा मुलगा तयारी करून आला. मालकांना बोलके खेळ आवडत नाहीत, गाण्यांचा राग आहे, हे सगळं त्यानं पाठ केलेलं. ओसरीवर मालकांनी विचारताच तो धडाधडा म्हणाला, "बोलणं लय झालं मालक, अन् गाण्याईनं त् कान किटले. उतारा कमी." त्या दिवशी खेळ मुका होता.

लोक म्हणू लागले, याला शिनेमाचं वेड लागलंय आणि त्यापायी मुलीला घरात बसवून ठेवणार. चिखलीच्या बाजारात कोणी कोणाला उगाच नकार दिला, की "शिनेमा दाखवला का?" असं विचारायची पद्धत पडली. आत्या रडकुंडीला आल्या. "दादा, पोरीच्या वयाच्या पोरी लेकुरवाळ्या झाल्या. तुह्या शिनेमापायी हे स्थळं चालले. लोकं मले इचारतात, तुह्या भाऊ येडा हाये का?"

"हाव म्हणून सांग," मालक म्हणायचे आणि मिशा पुसत बाहेर जायचे.

मला त्यांचा मनातून राग यायचा. स्वतःच्या मतांपायी हा माणूस पोरीच्या जन्माची माती करतोय, असं मला अगदी वाटे. आणि माझी धडधड वेगळीच होती. आमचं घर मेहकरच्या बाजूचं, जात एक, नातं जमण्यासारखं. गावी माझ्या मोठ्या काकांच्या कानावर मी गोष्ट घातली, त्यांनी मालकांकडे निरोप धाडला, आणि मालकांचं उत्तर आलं, "येऊ द्या बाजाराच्या दिवशी." ते माझ्या पायांखालच्या फळ्यांखाली राहत होते, रोज मला "मास्तर, च्या घेता का" विचारत होते, तरी परीक्षेतून माझी सुटका नव्हती.

मी तयारी केली. हसू नका, तिसऱ्यापेक्षा चांगली केली. आठवडाभर शाळेतून येता-जाता मी वाक्यं घोळवत होतो. खेळ बोलका निघाला तर काय म्हणायचं, मुका निघाला तर काय, घोडा असला तर काय. काका आदल्या दिवशी मोटारीनं आले. त्यांनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. जिनाच्या दारात त्यांनी वहाणा काढल्या आणि पडद्याला हात जोडले.

खेळ सुरू झाला. नवरा, बायको, संशय, असं काहीतरी होतं. पहिलं रीळ संपलं. हुसेनभाईंकडे यंत्र एकच, म्हणून रीळ बदलायला वेळ लागे, आणि तेवढ्यात वाऱ्यासाठी बायकांच्या बाजूचं तरट वर करत. उजेड मागून आला आणि तो ओला पडदा काचेसारखा झाला. पलीकडे बसलेल्या बायकांच्या सावल्या त्यावर उमटल्या. इतकी वर्षं मी खेळाला जात होतो, पण तिकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. एक सावली दुसऱ्या लठ्ठ सावलीला पंख्यानं वारा घालत होती. लठ्ठ सावली आत्यांची, यात शंका नव्हती.

तरट खाली आलं, खेळ पुन्हा सुरू झाला, सावल्या गेल्या. मी मात्र ती जागा सोडली नाही. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यापासून हातभर वर. तिथे कधी नायकाचं कोपर येई, कधी घराचा उंबरठा, कधी रडणाऱ्या बाईचा पदर. पुढचं रीळ संपायची वाट पाहत मी त्या जागेवर डोळे लावून बसलो. असं प्रत्येक रिळाला झालं. खेळ संपला तेव्हा त्या नवऱ्यानं बायकोला घरात घेतलं की बायकोनं नवऱ्याला, हे मला शपथेवर सांगता आलं नसतं.

ओसरीवर आम्ही बसलो. काका खूश होते. "लय झाक होता, मालक. ती बाई रडली तवा मलेबी भरून आलं. अन् बर्फ बी काय पडून राह्यला होता!"

मालकांनी मान डोलावली आणि माझ्याकडे वळले. "हं, मास्तर. तुम्ही सांगा. कसा वाटला शिनेमा?"

गोदू तबक घेऊन दारात आली. माझी घोळवलेली वाक्यं सगळी होती, एकही विसरलो नव्हतो. फक्त ती कोणत्या खेळाला लावायची हे मला ठाऊक नव्हतं.

"मालक, मी शिनेमा पाह्यला नाई," मी म्हणालो.

"पाह्यला नाई? माह्या मांडीले मांडी लावून त् बसले होते!"

"बसलो होतो. पण पाह्यला नाई."

"मंग एवढा वखत काय पाहून राह्यले होते?"

"पडदा," मी म्हणालो. मग म्हटलं, आता बुडालोच आहोत. "म्हंजे, पडद्याच्या मांगं. तरट वर केलं का तिकडचं दिसते."

काका खोकले. आत आत्यांचा काहीतरी उद्गार ऐकू आला. मालक माझ्याकडे असे बघत राहिले, की कापसात दगड भरून आणलेल्या गाडीवाल्याकडेही त्यांनी तसं बघितलं नसतं. गोदू तबक घेऊन बापाजवळ आली. मालकांनी विड्यासाठी हात पुढे केला, आणि त्यांच्या खांद्यावरचं उपरणं घसरून दोघांच्या हातांवर पडलं.

उपरणं याआधीही असंच पडलं होतं. तिन्ही स्थळांच्या वेळी मी पाहिलं होतं आणि वयाप्रमाणे होणारा धांदरटपणा म्हणून सोडून दिलं होतं. आज ते पडलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दलालाच्या घरात राहून मी हे कसं ओळखलं नाही! बाजारात कापसाचे सौदे असेच होतात. दोघांचे हात कापडाखाली, वर कोणाला काही दिसत नाही, तोंडानं कोणी बोलत नाही. मूठ दाबली की सौदा पटला, हात झटकला की फिसकटला. हत्ता म्हणतात त्याला.

आधीच्या तिन्ही वेळा ते क्षणात उरकलं होतं. विडा घेतला, हात सुटले, "कळवतो." या वेळी हात सुटेनात. उपरण्याचं टोक हललं. मालकांनी हात मागे ओढला, तो पुन्हा पुढे गेला. मालकांचा चेहरा बाजारातल्यासारखा कोरडा होता, पण कान लाल झाले होते. गोदू खाली बघत होती आणि तिचा खांदा जराजरा हलत होता. काका भिंतीवरचं लक्ष्मीचं चित्र न्याहाळत होते. मला एवढं कळत होतं, की त्या कापडाखाली माझा भाव चालला आहे आणि बापलेकींचं एकमत नाही.

शेवटी मालकांनी सुस्कारा सोडला. हात बाहेर आला. त्यातल्या विड्याचा चोथा झाला होता. तो त्यांनी तसाच तोंडात टाकला.

"तिथी पाहा," ते काकांना म्हणाले.

वैशाखात लग्न झालं. पुढे गोदूनं मला सगळं सांगितलं. तिन्ही नकार तिचे होते. पहिलं स्थळ यायच्या आधी बापानं तिला परसात नेऊन विचारलं होतं, "लोकाईच्या कापसाचा सौदा मी दोघांचे हात धरल्याबिगर करत नाई, मंग तुले न इचारता कशी देऊ? पण तू तोंडानं नाई म्हटलं त् गाव तुले नाव ठेवंन. म्हून तू फक्त हात झटक. नाव माह्यं होऊ दे." म्हणजे आखूड धागा, कमी उतारा, शिनेमाचं वेड, सगळं त्यांनी मुद्दाम अंगावर घेतलं होतं. मनातल्या मनात मी ज्याला इतके बोल लावले होते, तो माणूस पोरीसाठी गावभर येडा म्हणवून घेत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी लपवलं नाही.

"अन् मी? माह्यात काय पाह्यलं?" मी तिला विचारलं.

"बाकीचे सगळे बाबाची परीक्षा द्यायले आले होते," ती म्हणाली. "मले पाहायले तुम्ही एकटेच आले."

"मंग बाबा काऊन एवढे झटके देऊन राह्यले होते?"

यावर ती हसली. "तुमची बदली मेहकरले होनार, हे त्याईले हेडमास्तरनं सांगितलं होतं."

आणि पावसाळ्याच्या तोंडी बदली झालीच. आम्ही मेहकरला बिऱ्हाड केलं. मालकांची पत्रं यायची, त्यात पीकपाणी आणि आत्यांचा दमा. दिवाळी झाली, कापूस आला आणि गेला, उन्हाळा लागला. सकाळच्या शाळा सुरू झाल्या.

अशाच एका दुपारी मी घरी येऊन जेवायच्या तयारीत होतो, गोदू कणीक मळत होती, आणि दारात मालक उभे. कोळशाच्या मोटारीनं तोंडावर काजळी, धोतर धुळीनं मळलेलं. आम्ही दोघं घाबरून उठलो. आत्यांना काही झालं की काय?

"काई नाई झालं. कामानं आलो होतो इकडे," ते म्हणाले. हंगाम कधीच संपला होता आणि मेहकरात त्यांचं एक कवडीचं काम नव्हतं. पाय धुतले न धुतले, तोच ते ओट्यावर बसून आत तोंड करून म्हणाले, "हुसेनभाईनं नवा शिनेमा आणला. त्याच्यात एक बाप हाये. पोरानं ऐकलं नाई म्हून त्यानं पोराले घराबाहेर काढलं. बेस केलं."

आत कणकेवरचा हात थांबला. "बेस काऊन केलं? पोराचं म्हणनं त् ऐकून घ्यायचं!"

"बापाचं कोण ऐकते?"

"बाप बोलला त् ऐकंन ना कोणी! शिनेमातले बाप नुसते मिशा हलवतात."

झालं. पाऊण तास ते चाललं. मी दोघांच्या मधे भिंतीला टेकून बसलो होतो. इतके दिवस आमच्या घरात काय कमी होतं ते मला त्या आवाजावरून कळलं. मालकांच्या तोंडावरची काजळी घामानं ओघळत होती आणि ते दहा वर्षांनी लहान दिसत होते. गोदूचे हात कणकेनं भरलेले, ती उंबऱ्यात येऊन उभी राहिलेली.

"बरं ते जाऊ द्या," ती म्हणाली. "शेवटी तो पोरगा परत आला का नाई?"

मालकांनी टोपी काढली, आत पाहिलं, पुन्हा घातली.

"मले नाई मालूम," ते म्हणाले.

"असं कसं? शेवटी काय झालं?"

"अर्धाच पाह्यला," ते माझ्याकडे बघत म्हणाले, तिच्याकडे नाही. "पुढचा पाहून सांगू कोणाले, म्हून उठलो."

गोदूनं कणकेचे हात पदराला पुसले, नवं लुगडं होतं तरी पुसले, आणि बापाकडे न बघता मला म्हणाली,

"बाजाराच्या दिवशी शाळेत रजा टाका. आपल्याले चिखलीले जायचं हाये."